गाव बिघडले म्हणे!

दिवाळी जवळ आली की आम्हा लेखकमंडळींना गाव आठवू लागते. एरवी वर्षभर ज्यांना गावच्या एस.टी.ची वेळही ठाऊक नसते, त्यांच्या लेखणीतून आश्विन महिन्यात लाल माती पाझरू लागते. मी स्वतः असे चार लेख लिहिले आहेत आणि चारींचे मानधन घेतले आहे. पहिल्यात पाणंदीची वाट होती, दुसऱ्यात आजीच्या चुलीवरचा पेजेचा टोप होता, तिसऱ्यात आगोटीपूर्वीची शाकारणी होती, आणि चौथ्यात, नवे काही सुचेनासे झाल्यामुळे, ही तिन्ही होती. चौथ्या लेखाच्या अखेरीस मी एक उसासा टाकला होता. आता गावात पर्यटक येतात, घराघरांवर 'राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या लागल्या आहेत, गाव बिघडले, असा तो उसासा. वाचकांची पत्रे आली. पुण्याच्या एका बाईंनी लिहिले की, वाचता वाचता डोळ्यांत पाणी उभे राहिले. मला बरे वाटले.

तो उसासा मी आज परत घेतो आहे. नुसता परत घेऊन भागणार नाही. तो टाकणारा जो आमचा मोठा पंथ आहे त्याच्याशी मला भांडायचे आहे, आणि मी त्याच पंथात वाढलो असल्यामुळे त्याची मर्मस्थाने मला चांगली ठाऊक आहेत.

आमचे घर मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. माझे आमचे म्हणतो ते सातबाऱ्याच्या अर्थाने. २०११ साली त्या उताऱ्यावर सतरा नावे होती. त्यांतले गावी राहणारे नाव एकच, माझ्या चुलतभावाचे. तो मला वडील, म्हणून दादा. त्याची बायको आमची वहिनी, आणि त्यांना एक मुलगा. बाकीची सोळा नावे परळपासून पुण्यापर्यंत पसरलेली होती आणि एक तर थेट न्यू जर्सीला जाऊन पोचले होते. त्या वर्षी दादाचे पत्र आले. गुरे विकून झाली होती, गोठा रिकामा पडला होता, आणि त्या गोठ्याच्या जागी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि वेगळे संडास-न्हाणीघर बांधावे असे त्याच्या मनात होते. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आहे, तीत नाव नोंदवता येते, बँक थोडे कर्ज देते, असे त्याने चौकशी करून लिहिले होते. पण बँकेलाही आणि योजनेच्या कागदांनाही सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी होती. सतरा नावे, म्हणजे दादाची स्वतःची धरून सतरा सह्या.

आम्ही दादरला एकाच्या घरी बटाटेवडे खात जमलो. तेथे निघालेले आक्षेप आठवले की आज माझी मलाच लाज वाटते. घराचे हॉटेल होईल, एक म्हणाला. देवघरापासून दहा हातांवर कोणी परके येऊन निजणार का, दुसऱ्याने विचारले. तिसऱ्याची शंका अधिक व्यावहारिक होती. दादाने बांधकाम केले तर पुढे वाटपात तो त्या भागावर हक्क सांगेल, अशी त्याला धास्ती होती. आणि मी? मी भाषण केले. माझ्या भाषणात 'घरपण' हा शब्द सात वेळा तरी आला असावा. पूर्वजांच्या वास्तूत पैशाची देवघेव सुरू होणे म्हणजे काय, हे मी इतक्या सुंदर मराठीत सांगितले की दोघे जे सही करायला तयार होते तेही विरघळले. सह्या झाल्या नाहीत. दादाला तसे कळवण्याचे काम माझ्यावरच सोपवण्यात आले, कारण मला लिहिता येते.

आता पुढचे ऐका. २०१४ साली आमच्याच सामाईक सातबाऱ्यातल्या, सड्यावरच्या एका तुकड्याला गिऱ्हाईक आले. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. तेथून खालचा समुद्र अर्धचंद्रासारखा दिसतो. गुरे चारण्यापलीकडे त्या जमिनीचा कोणाला कधी उपयोग नव्हता. दलालाने भाव सांगितला, आणि अकरा दिवसांत सोळा सह्या पुऱ्या झाल्या. न्यू जर्सीहून कुलमुखत्यारपत्र कुरिअरने आले. राहिली होती ती दादाची. तो पंधरा दिवस गप्प होता, मग त्यानेही केली. एकट्याने अडवून काय करणार होता? घरपण हा शब्द त्या सगळ्या काळात कोणी उच्चारला नाही. मीही नाही. माझ्या वाट्याला जी रक्कम आली तिच्यातून मी घरात पुस्तकांची कपाटे करून घेतली, आणि त्याच कपाटांपुढे बसून पुढल्या वर्षी तो उसाशाचा लेख लिहिला.

आज सड्यावर जांभ्याची उंच भिंत आहे, लोखंडी फाटक आहे, आणि फाटकाशी कोठून तरी लांबून आलेला एक रखवालदार. आत एक मोठे घर आहे. त्यात माणसे वर्षाचे आठ-दहा दिवस येतात. खालच्या वाडीतल्या बायका ज्या वाटेने सडा ओलांडून किनाऱ्यावर उतरत, ती वाट भिंतीच्या आत गेली. त्या आता वळसा घालून जातात. वाट कागदावर कधी नव्हतीच, कारण पायांनी पडलेल्या वाटेची नोंद तलाठ्याकडे करून ठेवावी असे कोणाला सुचत नाही. उसासा टाकायचाच असेल तर तो या भिंतीपाशी टाकायला हवा होता. मी तो दादाच्या शेजाऱ्याने लावलेल्या दीड हात पाटीपाशी टाकला.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते प्रथमच सांगून टाकतो. रात्री पडवीत निजून, सकाळी घावणे खाऊन, पैसे मोजून निघून जाणारा पाहुणा गाव बिघडवीत नाही. गाव बिघडवतो तो जमीन विकत घेऊन तेथे न राहणारा मालक, आणि त्याला ती विकणारे आम्ही. पहिल्याला आम्ही पर्यटक म्हणून नाके मुरडतो. दुसऱ्याला आम्ही विकास म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही, कारण व्यवहाराचा धनादेश वटलेला असतो.

परंतु आमच्या पंथाचा मूळ आधार वेगळा आहे. पर्यटक येण्यापूर्वी गाव शुद्ध होते, आपल्या पायांवर उभे होते, ही ती समजूत. मला विचारायचे आहे, कोणत्या साली? मला आठवणारे गाव मनिऑर्डरवर उभे होते. रत्नागिरी जिल्हा तेव्हा अखंड होता, सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा निघाला, आणि या साऱ्या टापूची खरी नगदी फसल म्हणजे गिरणीत जाणारा तरुण मुलगा. गावात म्हातारे, पोरे आणि बाया. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पोस्टमन कोणाच्या खळ्यात शिरतो आणि कोणाच्या दारावरून तसाच पुढे जातो, यावरून कोणाकडे काय शिजते आहे ते कळे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो संपला केव्हा हे आजही कोणाला नीट सांगता येत नाही, कारण तो संपलाच नाही, गिरण्या संपल्या. त्या एका वर्षात आमच्या वाडीतल्या कित्येक घरांत पोस्टमन यायचा थांबला. ज्या न बिघडलेल्या गावासाठी आपण डोळे पुसतो ते हेच गाव. सुंदर होते, यात शंका नाही. रिकामे घर नेहमीच नीटनेटके दिसते.

आणि गावात जे पिकत होते त्याचे काय? हापूस झाडावरून उतरतो, पेटीत गवतात बसतो, आणि रात्रीच्या गाडीने वाशीच्या बाजारात जातो. भाव तेथे ठरतो. पिकवणारा आठ-दहा तासांच्या अंतरावर बसून फोनची वाट पाहतो, आणि फोनवर जो आकडा ऐकू येतो त्यातून हमाली, तोलाई आणि अडत वजा झालेली असते. मासळीचे तेच. चांगली सुरमई किनाऱ्यावर उतरते न उतरते तोच बर्फात बसते, आणि गावच्या माणसाच्या पानात बांगडा येतो. काजूची बी पोत्यातून जाते आणि तिचा गर आम्ही दादरला दुकानातून चौपट दामाने घेतो. म्हणजे गावचा प्रत्येक माल बाहेर जाऊन विकला जातो आणि त्याचा भाव दुसराच कोणी सांगतो. पर्यटनात गिऱ्हाईक चालत दारात येते. ज्या बाईने सोलकढी केली तीच तिची किंमत सांगते. घासाघीस झाली तर तिच्या उंबऱ्यावर होते, आणि उंबरा तिचा असतो. या एका गोष्टीचे महत्त्व ज्याला कळत नाही त्याने आयुष्यात कधी काही पिकवून विकलेले नाही असे खुशाल समजावे.

हा धंदा आपल्याकडे नवा आहे, परदेशातून आलेला आहे, असेही म्हटले जाते. हा तर निव्वळ विसराळूपणा. नृसिंहवाडीला, गाणगापूरला, त्र्यंबकेश्वरला आमचे आजोबा जात तेव्हा कोठे उतरत? क्षेत्रोपाध्यायाच्या घरी. तेथेच अंघोळ, तेथेच पंगत, तेथेच माडीवर पथारी. निघताना दक्षिणा, आणि वहीत कुळाची नोंद. नाव, गाव, पिढी, कोण कधी आले, सारे त्या वहीत. आजचा हॉटेलवाला गिऱ्हाइकाची जी माहिती जमवण्यासाठी झटतो ती या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवली होती. आषाढीला पंढरपूरच्या घराघरांत जे वारकरी उतरतात त्यांना कोणी परके म्हणत नाही. घरात पाहुणा ठेवून त्याच्याकडून चार पैसे घेणे यात विटाळ होता, तर तो आमच्या पूर्वजांना का झाला नाही? हां, दक्षिणा म्हटले की ते पुण्य होते आणि भाडे म्हटले की ते हॉटेल होते, एवढाच फरक असेल तर गोष्ट वेगळी.

अतिथी देवो भव हे वचन या वादात हटकून बाहेर येते. पाहुण्याकडून पैसे घेणे ही आपली संस्कृती नव्हे! हे वाक्य मी एकदा दादाच्या पडवीत, त्याच्याच घरचे जेवून, सुपारी कातरता कातरता बोललो. वहिनी उष्टी काढीत होती. ती थांबली आणि म्हणाली, "भावोजी, सोळा वरसां मी तुमची जेवणां केलंय. मे म्हयन्यात वीस-वीस माणसां. ती काय पावणी न्हय? फरक इतकोच, तेंनी पैसे दिल्यानी नाय."

मी सुपारी कातरीत राहिलो. खरे तर त्या क्षणी वाद संपला होता. गावात पर्यटक आणले ते महामंडळाने नव्हे. पहिले पर्यटक आम्ही, चाकरमानी. गणपतीला आणि मे महिन्यात येणारे, आंघोळीला गरम पाणी मागणारे, 'इथे नेटवर्क नाही' म्हणून कुरकुरणारे, जाताना आंब्याची पेटी फुकट नेणारे. आमच्या मुक्कामात एक बाई पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत राबते, आणि त्याला आम्ही घरपण म्हणतो.

असो. मी वेळासला दोनदा जाऊन आलो. वेळास हे मंडणगड तालुक्यातले, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे लहानसे गाव. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासात होते, पण इतिहास खायला घालीत नाही. त्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण अंडी घालायला येते. वाळूत खड्डा करते, एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे न पाहता समुद्रात जाते. ती अंडी कुत्री-कोल्हे उकरीत आणि माणसेही काढून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तेथे संरक्षणाचे काम हाती घेतले. किनाऱ्यावर कुंपण घालून त्यात अंडी पुन्हा पुरायची, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. पण पहारा किती वर्षे फुकट चालेल? २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, सतरंजीवर निजतात, घरचे जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलण्याची वेळ झाली की किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभे राहतात. कधी पिल्ले निघतात, कधी एकही निघत नाही. मी पहिल्या खेपेस गेलो तेव्हा एकही निघाले नाही. मुंबईचे एक गृहस्थ संतापले, पैसे भरले आहेत म्हणाले. घरमालकाने त्यांना शांतपणे सांगितले की कासवाला तुमची सुट्टी ठाऊक नाही, आणि आमटी वाढली.

मला या प्रसंगात जे दिसले ते आमच्या पंथाला दिसू नये याचे नवल वाटते. ज्या अंड्याची किंमत गावाला एका जेवणापुरती होती, त्याच अंड्याची किंमत ते वाळूत राहिल्यामुळे वाढली. निसर्ग राखा, असे आम्ही लेखांतून शंभरदा सांगितले. राखणाऱ्याच्या चुलीवर काय शिजेल, ते मात्र सांगितले नाही. वेळासच्या लोकांनी ते आपले आपण शोधले.

सगळीकडे असे गोड झाले असे मी म्हणणार नाही. दिवेआगरची गोष्ट घ्या. तेथे १९९७ साली एका सुपारीच्या वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, आणि त्या मुखवट्यामागून गाड्या येऊ लागल्या. सुपारीच्या वाड्यांत खोल्या उठल्या, खाणावळी निघाल्या. मग मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला, दोघा पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा गेला. सारे गाव एकाच खुंटीला टांगलेले असले म्हणजे खुंटी उपटल्यावर काय होते ते तेव्हा दिसले. तरीही वाड्या होत्या, समुद्र होता, आणि मुख्य म्हणजे खोल्या गावकऱ्यांच्या होत्या. मालक बाहेरचा असता तर टाळे ठोकून तो दुसऱ्या किनाऱ्यावर गेला असता. २०२१ साली गणपती पुन्हा देवळात बसला, तोपर्यंत गाव जागेवर होते.

आता उपद्रवाविषयी. मी आंधळा नाही. मे महिन्यातल्या शनिवारी किनाऱ्यावर जाऊन पाहा. बाटल्या, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, वाळूत चाके रुतवून घेतलेल्या मोटारी, मध्यरात्रीपर्यंत ढोलकीचा कर्णा. भरतीचे गणित न कळणारी शहरातली पोरे पाण्यात उतरतात आणि दर हंगामात कोठे ना कोठे एखादे घर उजाड होते. आमच्याकडे पावसाळ्यात छत्र्या टिकत नाहीत, इतका पाऊस पडतो, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. त्या विहिरीवर वीस जास्तीची माणसे आली की शेजाऱ्याच्या घागरीत कमी पडणारच. देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर संडासाचा खड्डा विहिरीपासून किती दूर खणला, हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. हे सगळे खरे आहे, आणि या सगळ्याचा मला राग येतो.

पण या रागाचे उत्तर काय? आमचा पंथ म्हणतो, पर्यटक नकोत. मी विचारतो, त्यांना आवर कोण घालील? ज्याची स्वतःची विहीर आहे तो. दादाने दोन खोल्या बांधल्या असत्या तर त्याने तिसरी बांधली नसती, कारण रहाटाचा दोर किती खाली जातो हे त्याला रोज कळते. बाहेरचा मालक दोनशे फूट बोअर मारतो, आणि आटली की टँकर मागवतो. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरले आणि फुले तुडवायला झुंडी लोटल्या. तेव्हा रोज किती माणसे सोडायची याला मर्यादा घालण्यात आली, आणि शुल्क घेऊन व्यवस्था पाहू लागल्या त्या आसपासच्या गावांच्या समित्या. कुरबुरी तेथेही आहेत. पण फुलावर पाय पडला तर ओरडणारा माणूस तेथे उभा आहे, आणि तो त्याच मातीतला आहे. जेथे गावाला मिळकत नाही तेथे ओरडायला कोण उभे राहणार? भिंतीआडचा रखवालदार?

सरकारविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी फार लिहिले की लेखाचा अर्ज होतो. पर्यटन महामंडळ १९७५ साली निघाले. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे धावू लागली. हे शेवटचे मात्र खरोखर मोठे काम, त्याला माझा नमस्कार. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडला. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेतले आणि ते दशक उलटले तरी रेंगाळतच राहिले. त्या रस्त्याने गणपतीला गावी गेलेल्या माणसाला मी आणखी काय सांगावे! सरकारच्या मनात पर्यटन म्हटले की प्रथम येते ती जमीन, किती एकर संपादन करायची. दादाच्या गोठ्याच्या जागी दोन खोल्या हे त्याला पर्यटन वाटतच नाही, तो एक अर्ज वाटतो. वास्तविक कृषी पर्यटनाचे धोरण २०२० साली निघाले. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत तर एक फार शहाणे कलम आहे. किनाऱ्यावरच्या स्थानिक रहिवाशांनी, कोळ्यांनीसुद्धा, आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवावेत, मात्र घराचा जोता आणि दर्शनी भाग बदलू नये. हे कलम लिहिणारा अधिकारी मला भेटला तर मी त्याला आमच्याकडे जेवायला बोलावीन. पण कलम कागदावर आहे, आणि कागद दादाच्या कामाचा नाही, कारण त्याच्या कागदावर सतरा नावे आहेत.

येथेच खरी गाठ आहे. कोकणातली घरे आणि जमिनी पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेल्या. जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाने वाटप होते, पण त्यासाठीही सगळे एकत्र यावे लागतात, आणि कोकणी भाऊबंद एकत्र येतात ते गणपतीच्या आरतीला किंवा कोर्टात. त्यामुळे जो गावी राहतो, कौले परततो, वाळवी मारतो, घरपट्टी भरतो, सत्यनारायण करतो, त्याला स्वतःच्या छपराखाली दोन खोल्यांचा धंदा करायला सोळा अनुपस्थितांची परवानगी लागते. उलट विक्रीला मात्र अनुपस्थितांचा उत्साह असा की विचारू नये! राहण्याच्या सोयीला सह्या मिळत नाहीत आणि विकण्याला अकरा दिवसांत मिळतात, या एका वाक्यात कोकणच्या पर्यटनाचा सारा प्रश्न आला. माझी मागणी साधी आहे. सरकारने संपादनाच्या फायली जरा बाजूला ठेवाव्यात आणि घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या हिस्सेदाराला, मालकी हक्काला धक्का न लावता, घरगुती निवासाची नोंदणी आणि लहानसे कर्ज मिळेल अशी तरतूद करावी. गावाला कचऱ्याची गाडी, किनाऱ्यावर पोहणारे दोन राखणदार आणि हंगामात वेळेवर येणारी एस.टी. द्यावी. बाकीचे वहिनी बघून घेईल.

आणि लेखकांनी? आमच्यातले पुष्कळ जण म्हणतील, आम्ही पर्यटनाविरुद्ध नाही, आम्ही फक्त सौंदर्याच्या बाजूचे. मग दिवाळी अंक जरा उलटून पाहा. डाव्या पानावर 'हरवलेले गाव' आणि उजव्या पानावर 'समुद्र दिसेल असे आपले दुसरे घर, मोजकेच प्लॉट शिल्लक' अशी रंगीत जाहिरात. या अंकात नसेल तर शेजारच्यात असेल. डाव्या पानाचे मानधन उजव्या पानातून येते. मी ते चारदा घेतले आहे, म्हणून बोलतो आहे. दादाच्या शेजाऱ्याची दीड हात पाटी मात्र कोणत्याच अंकात छापून येत नाही, तिला परवडत नाही.

दादाचा मुलगा २०११ साली चौदा वर्षांचा होता. हुशार, बोलका, होडी वल्हवण्यात तरबेज. सड्यावरून दिसणारा प्रत्येक खडक त्याला नावाने ठाऊक. पाहुण्यांना फिरवायला याच्यापेक्षा चांगला मुलगा शोधून मिळाला नसता. २०१९ साली तो गोव्याला गेला. तेथे एका मोठ्या हॉटेलात तो पाहुण्यांच्या खोल्या लावतो, चादरी बदलतो, सामान उचलतो. परक्या माणसांनी घरात येऊन निजू नये म्हणून आम्ही दादरला ठराव केला. त्याचे फळ हे की आमच्या घरचा मुलगा परक्याच्या घरी परक्यांची अंथरुणे घालतो. गेल्या गणपतीत तो दोन दिवस आला होता. मी त्याला विचारले, तिकडे कसे काय? तो हसून म्हणाला, "बरा आसा, काका. थंयसर सगळे हेच इचारतत, तुझो गाव खंय, बघूक मिळात काय?"

त्या रात्री मी दादाला म्हटले, कागद काढ. तो उठला नाही. वहिनीने फडताळातून पिशवी आणली. २०११ चा नकाशा तिने जपून ठेवला होता, घड्यांवर फाटलेला. दोन खोल्या, मधे पडवी, मागे न्हाणीघर. तोपर्यंत सतरा नावांपैकी चौघे वारले होते आणि त्यांच्या जागी आठ वारस लागले होते, म्हणजे आता एकवीस. मी माझी सही पहिली केली. मग परळ, डोंबिवली, कोथरूड अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. न्यू जर्सीच्या कुलमुखत्यारपत्राला या वेळी पाच महिने लागले, पण ते आले.

आजपर्यंत अठरा सह्या झाल्या आहेत. राहिलेले तिघे फोन उचलीत नाहीत. परंतु तिघेही दर वर्षी हा अंक घेतात, हे मला ठाऊक आहे.